बांधणाऱ्याला परवानगी नाही

टेराफॉर्मचं, म्हणजे लिहिलेल्या कोडवरून क्लाउडमधली यंत्रणा उभी करणाऱ्या साधनाचं, अप्लाय संपलं, टर्मिनलवर हिरव्या अक्षरांत 'कम्प्लीट' उमटलं आणि मी सवयीने ब्राउझर उघडून मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडवरचा नवा की व्हॉल्ट, म्हणजे पासवर्ड आणि किल्ल्या ठेवायची तिजोरी, बघायला गेलो. शेजारी टीममधली नवी मुलगी बसली होती. जळगावची, कॉलेज संपवून नुकतीच रुजू झालेली, सगळं वहीत पेनाने लिहून घेणारी. हल्ली असं कोणी करत नाही, म्हणून मला तिचं जरा कौतुकच आहे. व्हॉल्टचं नाव दिसलं, रीजन दिसला, टॅग दिसले. डावीकडच्या 'सीक्रेट्स'वर क्लिक केलं आणि वर एक पट्टी आली: इथला मजकूर बघायचा तुम्हाला अधिकार नाही. मुलीने पट्टी वाचली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पट्टी वाचली.

"सर, हा तुम्हीच बनवलाय ना?"

"हो."

"मग तुम्हालाच आत सोडत नाहीत?"

मी ठरलेलं उत्तर दिलं. व्हॉल्ट उभा करणं वेगळं आणि आतलं वाचणं वेगळं. पहिलं कंट्रोल प्लेनचं काम, दुसरं डेटा प्लेनचं, दोन्हींचे रोल निराळे. व्हॉल्ट आरबॅकवर, म्हणजे रोलप्रमाणे परवानगी देणाऱ्या पद्धतीवर, असेल तर सब्स्क्रिप्शनच्या, म्हणजे अख्ख्या अझ्युर खात्याच्या, ओनरलासुद्धा आतलं आपोआप दिसत नाही. तिने वहीत दोन चौकोन काढले, मध्ये रेघ मारली, आणि आम्ही पुढच्या कामाला लागलो. पण संध्याकाळी कंपनीची बस वाकडच्या पुलाजवळ रोजच्यासारखी अडकून पडली, काचेवर पाऊस, आत एसीचा गारठा आणि कोणाच्या तरी डब्यातल्या उरलेल्या लसणाच्या चटणीचा वास, तेव्हा तो प्रश्न परत वर आला. माझं उत्तर बरोबर होतं. मला आत सोडू नये हे मीच कोडमध्ये लिहिलं होतं, तेही समजून उमजून. तरी ती पट्टी बघितल्यावर पोटात काहीतरी बारीकसं हललं होतं, आणि ते मुलीने ओळखलं असावं अशी मला शंका होती.

काम तसं रोजचंच. मोबाइलवर अर्ज घेऊन कर्ज देणारी एक कंपनी. त्यांचे डेटाबेसचे पासवर्ड, एसएमएसवाल्यांच्या एपीआय की, कर्जदारांची कागदपत्रं ज्या किल्लीने एन्क्रिप्ट करायची ती किल्ली, हे सगळं आजवर ठिकठिकाणच्या कॉन्फिग फाइलींत पसरलेलं होतं. ते एका जागी आणायचं. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे डेटा देशातल्याच सर्व्हरवर हवा, म्हणून अझ्युरचा 'सेंट्रल इंडिया' रीजन निवडला. हा सेंट्रल इंडिया म्हणजे आपलं पुणंच, २०१५ पासून इथे आहे. पुण्याला मध्य भारतात नेऊन बसवणाऱ्याने नकाशा उघडला नसावा, पण आपण मध्यभागी आहोत हे ऐकायला पुणेकराला आवडतंच, त्यामुळे गावातून तक्रार गेल्याचं ऐकिवात नाही. त्याची जोडी चेन्नईच्या रीजनशी लावलेली आहे. इथलं सगळं बंद पडलं तर तिथली प्रत कामाला येते, पण तिच्यातून फक्त वाचता येतं, नवीन काही लिहिता येत नाही.

कोडही फार नसतो. रिसोर्स ग्रुप, व्हॉल्ट, नेटवर्कचे नियम, कोणाला कोणता रोल, लॉग कुठे पाठवायचे. सगळ्यात जास्त वेळ नाव ठरवण्यात जातो, कारण ते ३ ते २४ अक्षरांत बसायला हवं आणि जगात दुसऱ्या कोणी घेतलेलं नको. कंपनीचं नाव, एन्व्हायर्न्मेंट (टेस्ट की प्रॉडक्शन), रीजन, क्रमांक हे सगळं कोंबायला गेलं की चोवीस अक्षरं कुठल्या कुठे संपतात आणि मग मीटिंगमध्ये मोठी माणसं 'प्रॉड'मधला ओ ठेवायचा की उडवायचा यावर गंभीर चर्चा करतात. दुसरी गंमत रोलची. पाइपलाइनने, म्हणजे कोड आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेने, स्वतःलाच 'सीक्रेट्स ऑफिसर'चा रोल दिला आणि लगेच पुढच्या पावलाला सीक्रेट लिहायला गेली की ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', येतो, कारण दिलेला रोल अझ्युरमध्ये सगळीकडे पोचायला काही मिनिटं लागतात. म्हणून मध्ये थांबायची ओळ घालावी लागते. सरकारी हुकूम निघाला तरी तालुक्याला पोचेपर्यंत थांबायची आपल्याला सवय आहे, त्यामुळे ते पटकन पटतं.

एक ओळ मात्र मी दरवेळी सावकाश टाइप करतो. पर्ज प्रोटेक्शन, ट्रू. डिलीट केलेला व्हॉल्ट लगेच नाहीसा होत नाही, हे सॉफ्ट डिलीट आता बंदच करता येत नाही. ७ ते ९० दिवसांत जो आकडा तुम्ही सुरुवातीला दिला असेल तेवढे दिवस तो बाजूला पडून राहतो. पण पर्जचा अधिकार असलेला माणूस त्याला तिथूनही कायमचा पुसू शकतो. पर्ज प्रोटेक्शन लावलं की तो दरवाजाही बंद. मुदत संपेपर्यंत कोणीही, अगदी मायक्रोसॉफ्टसुद्धा, तो पुसू शकत नाही. आणि एकदा लावलं की ते काढताही येत नाही. हे असलंच पाहिजे, कारण स्टोरेजमधला डेटा स्वतःच्या किल्लीने एन्क्रिप्ट करायचा म्हटलं तर अझ्युर याशिवाय पुढेच जाऊ देत नाही. किल्ली गेली म्हणजे डेटा गेला; डिस्कवर सगळे बाइट जागच्या जागी असतील, पण त्यांना आता काही अर्थ उरलेला नसेल. काही जण टेस्टच्या व्हॉल्टवर हे लावायला कुरकुरतात, नावं अडकून पडतात म्हणून. मी म्हणतो, ७ दिवस ठेवा, पण लावा. टेस्टमध्ये जे जमलं नाही ते प्रॉडक्शनला पहिल्यांदा करून बघण्याची हौस मला राहिलेली नाही.

बसमध्ये मात्र मला हे काही आठवत नव्हतं. आठवत होते माझ्या पहिल्या नोकरीतले सिस्टिमवाले साहेब.

सेनापती बापट रस्त्याजवळचं ऑफिस, तिसरा मजला, कोपऱ्यात सर्व्हर रूम. आत शिरलं की यूपीएसच्या बॅटऱ्यांचा आंबूस वास आणि रॅकच्या मागून येणारा गरम वारा, पुढे मात्र हुडहुडी. साहेबांकडे काळ्या रेक्झिनची एक डायरी होती, कुठल्याशा सिमेंट कंपनीने दिवाळीला दिलेली. त्यात सगळ्या मशिनींचे रूट, म्हणजे सर्वाधिकार देणारे, पासवर्ड, त्यांच्या बारीक तिरक्या अक्षरात. ड्रॉवरला कुलूप, कुलपाची किल्ली पँटच्या खिशात. शिवाय नियम म्हणून एक सीलबंद पाकीट अकाउंट्सच्या तिजोरीत, चिकटवलेल्या जागेवर साहेबांची आडवी सही. ते पाकीट कधी उघडलेलं मी पाहिलं नाही, आणि उघडून उपयोगही झाला नसता, कारण पासवर्ड बदलले की डायरीत खाडाखोड व्हायची, पाकिटात नाही. ऑफिसात मॅनेजरपेक्षा साहेबांना मान जास्त. ते जागेवरून उठले की कुठेतरी काहीतरी पडलंय हे सगळ्यांना कळायचं आणि लोक खुर्च्या सरकवून वाट करून द्यायचे.

गणपतीत साहेब गुहागरजवळ गावी जायचे, आणि मशिनी नेमक्या गणपतीतच पडायच्या. मग फोन. गावात रेंज फक्त घरामागच्या बांधावर. साहेबांना आरतीतून उठवून बांधावर नेलं जायचं आणि तिथून ते पासवर्ड सांगायचे. इकडे फोन स्पीकरवर, कारण टाइप करणाऱ्याचे दोन्ही हात कीबोर्डवर. "कॅपिटल जी... जी गणपतीचा... मग ए, एन... मग ॲट द रेट... ऐकू येतंय का?" मागे झांजा वाजतायत, लाइन तुटतेय, आणि अख्खा तिसरा मजला, चहा घेऊन आलेल्या पोऱ्यासकट, रूट पासवर्ड ऐकतोय. तो पासवर्ड पुढच्या गणपतीपर्यंत तसाच राहायचा. यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कोणालाही वाटलं नाही. आम्हाला वाटायचं, काय माणूस आहे, बांधावरून कंपनी चालवतो.

मला साहेबच व्हायचं होतं. आणि झालोही. ते दुसरीकडे गेले तेव्हा शेवटच्या दिवशी कँटीनमध्ये इकडे तिकडे बघून त्यांनी डायरी माझ्या हातात ठेवली. पगारात काही फरक पडला नव्हता, पद तेच होतं, तरी त्या दिवशी मी घरी पेढे नेले. आईला कारण विचारल्यावर नीट सांगता आलं नाही. "माझ्याकडे सगळ्याच्या किल्ल्या आल्या," एवढंच म्हणालो. ते तिला लगेच समजलं.

त्यापुढची कित्येक वर्षं मी तो माणूस होतो. लग्नाच्या पंगतीतून उठून पासवर्ड सांगितले, सिंहगडाच्या पायथ्याशी पिठलं-भाकरी पुढ्यात असताना सांगितले, दवाखान्याच्या जिन्यात सांगितले. प्रत्येक वेळी चिडचिड केली आणि प्रत्येक वेळी आतून थोडा फुगलो. माझ्याशिवाय अडतंय ही भावना फार वाईट, कारण ती गोड लागते. फोन आला नाही तर आपण होऊन फोन करून 'सगळं ठीक ना' विचारणाऱ्यांतला मीही होतो. बायको म्हणायची, त्यांना गरज नसली तर तुलाच करमत नाही.

वडिलांचं लक्ष्मी रोडजवळच्या एका बँकेत लॉकर होतं, अजूनही आहे. लहानपणी दिवाळीच्या आधी त्यांच्याबरोबर जायचो. तळघरात उतरणारा अरुंद जिना, ओल आणि डांबराच्या गोळ्यांचा वास, लुकलुकणारी ट्यूब. आधी रजिस्टरमध्ये सही आणि वेळ. मग बँकेचा अधिकारी आपली किल्ली लॉकरला लावायचा, फिरवायचा, आणि लगेच पाठ करून निघून जायचा. त्यानंतर वडील आपली किल्ली लावायचे. एकट्या त्याच्या किल्लीने उघडत नाही, एकट्या वडिलांच्याही नाही. मला त्या अधिकाऱ्याची दया यायची. दिवसभर लोकांची लॉकरं उघडून देतो आणि आत काय आहे ते एकदाही बघत नाही! अलीकडे वडिलांना गुडघ्यांमुळे जिना होत नाही, मी जातो. आता त्याच संध्याकाळी मोबाइलवर मेसेज येतो की अमुक वाजता तुमचं लॉकर उघडलं गेलं. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये लॉकरचे नियम बदलले, ते २०२२ च्या १ जानेवारीपासून लागू झाले, त्यात हे बंधनकारक झालं. आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने नुकसान झालं तर वार्षिक भाड्याच्या शंभरपट भरपाईची जबाबदारीही बँकेवर आली. मागच्या वेळी मी त्या अधिकाऱ्याकडे नीट पाहिलं. पन्नाशीचा गृहस्थ, चष्मा कपाळावर. किल्ली फिरवून वळला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कुतूहलाचा मागमूस नव्हता. वर जाऊन त्याला पासबुकं भरायची होती.

आपलं काम आता त्याच्यासारखं झालंय हे मला तिथेच, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, लक्षात आलं. फरक एवढाच की माझ्याकडे त्याच्यासारखी किल्लीही नाही.

की व्हॉल्टमधली एन्क्रिप्शनची किल्ली बाहेर येतच नाही, ही गोष्ट नवख्या माणसाला पटवायला वेळ लागतो. लोकांना वाटतं ॲप किल्ली आणतं, डेटा उघडतं आणि किल्ली परत ठेवतं. तसं नसतं. डेटा एका दुसऱ्याच किल्लीने एन्क्रिप्ट केलेला असतो, आणि ती किल्ली व्हॉल्टमधल्या मोठ्या किल्लीने बंद करून डेटाच्या शेजारीच ठेवलेली असते, अगदी उघड्यावर. उघडायची वेळ आली की ती बंद केलेली छोटी किल्ली व्हॉल्टकडे जाते, मोकळी होऊन परत येते. मोठी जागची हलत नाही. प्रीमियम व्हॉल्ट घेतला असेल तर ती एचएसएम नावाच्या खास यंत्राच्या आत असते आणि तिथून ती साध्या रूपात काढायची सोयच केलेली नाही. यामुळे एक फार सोयीचं होतं: मोठी किल्ली रोटेट करायची, म्हणजे बदलायची, झाली तर टेराबाइटभर डेटा परत एन्क्रिप्ट करावा लागत नाही, फक्त छोट्या किल्ल्या नव्याने बंद करायच्या. ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाच्या डच भाषातज्ज्ञाने १८८३ साली लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना म्हटलं होतं की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडायला नको, गुप्त राहायला हवी ती किल्ली. त्याला टेराफॉर्म आवडलं असतं. आमच्या व्हॉल्टचा अख्खा कोड गिटमध्ये, म्हणजे कोड साठवायच्या सामायिक जागेत, आहे, ऑफिसात कोणीही वाचावा: तिजोरी कुठे आहे, दार कोणत्या बाजूला, कोणाकोणाला प्रवेश, कोणत्या नेटवर्कवरून. नाही दिसत ते फक्त आतलं.

म्हणजे तसं असायला हवं. स्टेट फाइल नावाचा प्रकार इथे घोळ घालतो.

टेराफॉर्म आपण काय काय उभं केलं याची नोंद एका जेसन फाइलीत ठेवतं. सीक्रेटही टेराफॉर्मनेच व्हॉल्टमध्ये घातलं, तर त्याची व्हॅल्यू त्या नोंदीत साध्या अक्षरांत उतरते. 'सेन्सिटिव्ह' असं लिहिलं की बरेच जण निश्चिंत होतात. पण त्याने ते फक्त टर्मिनलवर लपतं, फाइलीत असतंच. इतकी कुलपं लावून शेवटी यादीवहीत सगळं लिहून ठेवायचं! यावर २०२४ च्या शेवटी आलेल्या टेराफॉर्म १.१० मध्ये इफेमेरल व्हॅल्यू आल्या, पाठोपाठ १.११ मध्ये राइट-ओन्ली आर्ग्युमेंट्स, म्हणजे पाठवायचं पण नोंदीत ठेवायचं नाही. टेराफॉर्मपासूनच फुटून निघालेल्या ओपनटोफूने १.७ पासून स्टेट फाइलच एन्क्रिप्ट करायची सोय दिली. दोन्ही चांगलं आहे. तरी माझं मत जुनंच: टेराफॉर्मने रिकामा व्हॉल्ट उभा करावा, रोल वाटावेत, लॉग कुठे जायचे ते ठरवून द्यावं आणि बाजूला व्हावं. आत काय ठेवायचं ते ज्याचं आहे त्याने ठेवावं. आणि लॉगचं म्हणाल तर ते मुद्दाम चालू करावे लागतात. डायग्नॉस्टिक सेटिंग लिहिली नाही तर कोणी कधी काय वाचलं हे नंतर विचारायला कोणी उरत नाही. ही ओळ विसरलेले व्हॉल्ट मी इतके पाहिलेत की रिव्ह्यूला बसलो की आधी तीच शोधतो.

मध्यंतरी क्लायंटकडच्या एका डेव्हलपरने डेटाबेसची कनेक्शन स्ट्रिंग, पासवर्डसकट, कोडमध्ये तशीच ठेवून गिटमध्ये ढकलली. रेपॉझिटरी अंतर्गत होती, स्कॅनरने पकडलं, फार काही झालं नाही. पासवर्ड बदलला, ॲपला कळलंही नाही, कारण ते व्हॉल्टमधूनच वाचत होतं. पण मीटिंग झाली. त्यांचा ऑडिटर, फार मृदू बोलणारा माणूस, एक्सेल उघडून बसला. पहिला कॉलम: ही व्हॅल्यू कोणाकोणाला माहीत होती. पूर्वी अशा मीटिंगमध्ये माझं नाव पहिलं असायचं, आणि संशयही अर्थात पहिला माझ्यावर. कित्येकदा काहीही न करता रात्रभर जागलोय, आपल्या लॅपटॉपवरून तर गेलं नसेल? या वेळी मी रोलची यादी आणि लॉग दाखवले. ॲपची मॅनेज्ड आयडेंटिटी (अझ्युरने ॲपला दिलेली, पासवर्ड न लागणारी ओळख), त्यांचे दोन जण. ऑडिटरने माझ्याकडे पेन रोखून विचारलं, "आणि तुम्ही?" मी म्हटलं, मला नाही दिसत. त्याने माझ्या नावासाठी घेतलेली ओळ डिलीट केली. खालच्या ओळी एक घर वर सरकल्या.

सुटल्यासारखं वाटलं, हे खरं. पण त्याने ओळ किती सहज डिलीट केली तेही मी पाहिलं. इतकी वर्षं ज्या यादीत असण्याचा मला वैताग होता, त्या यादीतून नाव गेल्यावर मान वळवून तिकडेच बघत राहिलो. त्या रात्री मला झोप उत्तम लागली आणि सकाळी उठल्यावर थोडं रिकामं वाटलं. दोन्ही एकाच गोष्टीमुळे. साहेबांना हे सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते? मला वाटतं ते विचारतील, मग लोक उठून वाट कोणाला देतात?

आता कोणालाच देत नाहीत. पाइपलाइनला अझ्युरमध्ये शिरायला पूर्वी एक पासवर्ड लागायचा आणि तो पासवर्ड कुठे ठेवायचा हा प्रश्न असायचा, म्हणजे सगळ्या किल्ल्यांना जपणारी एक शेवटची किल्ली कोणाच्या तरी खिशात राहायचीच. आता फेडरेटेड ओळख असते: पाइपलाइन त्या वेळेपुरता सहीचा कागद दाखवते, अझ्युर तो तपासून घेतं, थोड्या वेळाने तो कागद बाद. खिसाच गेला. सुरुवातीच्या उभारणीसाठी सब्स्क्रिप्शनवर माझा ओनरचा रोल मात्र राहिला होता. ओनरला आतलं दिसत नसलं तरी तो स्वतःला दिसण्याचा रोल देऊ शकतो. लॉगमध्ये नोंद होईल, पण देऊ शकतो. उभारणी झाली, रोल काढायचा होता. जळगावच्या त्या मुलीनेच पीआर, म्हणजे कोडमधल्या बदलाची विनंती, टाकला. कायमचा रोल रद्द, त्याऐवजी लागेल तेव्हा मागायचा, दुसऱ्याने मंजूर करायचा, काही तासांनी आपोआप उतरायचा. तळाशी प्लॅन: शून्य नवीन, शून्य बदल, एक डिस्ट्रॉय. तिने येऊन जरा चाचरत सांगितलं, "सर, तुमचाच काढलाय. बघून घ्या." मी डिफ, म्हणजे बदललेल्या ओळी, वाचली. एका मॉड्यूलचं नाव चुकलेलं दाखवलं, बाकी मंजूर केलं.

तरी शेवटी कुठेतरी माणूस लागतोच. लॉगिनची अख्खी यंत्रणाच कोलमडली तर आत शिरायला आणीबाणीची खाती ठेवावी लागतात, किमान दोन ठेवा असं मायक्रोसॉफ्टही सांगतं. ही रोज वापरायची नाहीत, वापरली की सगळ्यांचे फोन वाजले पाहिजेत. आम्ही त्यांचे लांबलचक पासवर्ड दोन तुकड्यांत केले. खरं तर आदी शमीर यांनी १९७९ मध्ये दाखवलेली युक्ती याहून देखणी आहे: गुपिताचे पाच भाग करायचे, कुठलेही तीन जमले की उघडतं, दोनच असतील तर काहीच कळत नाही. टेराफॉर्म बनवणाऱ्या हॅशिकॉर्पचं व्हॉल्ट नावाचं वेगळं सॉफ्टवेअर तेच, पाचातले तीन, मुळातच वापरतं. पण आमच्याकडे पाच विश्वासू माणसांची यादी करायला घेतली तेव्हा मीटिंग लांबली, म्हणून दोन तुकड्यांवर तडजोड झाली. एक तुकडा क्लायंटच्या माणसाकडे, एक आमच्याकडे, दोन्ही कागदावर, पाकिटात, चिकटवलेल्या जागेवर आडवी सही. सही करताना मला हसू आवरेना. कोणाला कारण कळलं नाही.

पहिल्या यादीत दोन्ही तुकडे कोथरूडात निघाले, तेही एकाच सोसायटीतल्या दोन इमारतींत, आणि दोघंही रोज एकाच बसने येणारे. मी हरकत घेतली. क्लायंटने मग हडपसरचा एक माणूस सुचवला. चांगला आहे, शांत आहे, फोन उचलतो. मी त्याला पहिला प्रश्न विचारला, गणपतीत कुठे असता? तो म्हणाला, गावी, अकलूजला. मी म्हटलं, रेंज? तो म्हणाला, भरपूर. आता आमच्या तुकड्याचा माणूस कोकणातला आहे आणि त्याच्याकडे दीड दिवसाचा नसून गौरींसकट पाच दिवसांचा गणपती असतो, तेव्हा तुकडा त्या आठवड्यापुरता कोणाकडे द्यायचा यावर मेल चालू आहेत.